स्तनांचा आकार वाढवायचाय? आधी तक्रार ओळखा, मग उपाय

प्लास्टिक सर्जनची वेळ घेण्याआधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम घरीच होतं, आणि बहुतेक जणींचं नेमकं तेच करायचं राहून जातं. आपल्याला खटकतंय काय, हे नक्की करायचं. ‘छाती चांगली दिसत नाही’ एवढ्यावर कोणताही सर्जन नीट सल्ला देऊ शकत नाही. मुळात आकारमानच कमी आहे? की आकारमान पुरेसं आहे, पण स्तन खाली उतरलेत? वरचा भाग रिकामा वाटतो? की दोन बाजूंत डोळ्यांत भरण्याइतका फरक आहे? या चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. ओघळलेल्या स्तनात नुसतं इम्प्लांट, म्हणजे आत बसवायची भरलेली पिशवी, बसवलं तर मोठा आणि ओघळलेला स्तन मिळतो, बाकी काही नाही.

पायरी १: आरशासमोर दहा मिनिटं

ब्रा काढून, हात खाली सोडून सरळ उभ्या राहा. फोनवर समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कारण आरशात आपण नकळत खांदे मागे घेतो. स्तनाचा खालचा भाग छातीला जिथे मिळतो तिथे एक घडी असते. तिथे आडवी पट्टी धरली तर अंदाज पटकन येतो. स्तनाग्र घडीच्या वर असेल तर ओघळ नाही असं समजायला हरकत नाही. घडीच्या पातळीवर आलं असेल तर सौम्य, घडीच्या खाली गेलं असेल तर मध्यम. स्तनाग्र स्तनाच्या अगदी खालच्या टोकाला जाऊन जमिनीकडे पाहत असेल तर ओघळ जास्त आहे, आणि तिथे स्तन उचलण्याच्या शस्त्रक्रियेशिवाय फारसं काही साधत नाही.

दोन्ही स्तन तंतोतंत सारखे कुणाचेच नसतात. थोडा फरक असणं हा दोष नव्हे. मात्र फरक अलीकडे पडला असेल, गाठ लागत असेल, त्वचा आत ओढली गेल्यासारखी दिसत असेल, स्तनाग्र नव्याने आत वळलं असेल किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव येत असेल, तर सौंदर्याचा विषय बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या.

वेळेचाही हिशेब याच पायरीवर करावा. वय विशीच्या आत असेल तर वाढ अजून चालू असू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, आकार वाढवण्यासाठी सलाईन म्हणजे मिठाचं पाणी भरलेल्या इम्प्लांटला १८ वर्षं आणि सिलिकॉन जेलला २२ वर्षं अशी किमान वयं ठेवली आहेत. वर्ष-दोन वर्षांत मूल हवं असेल तर थांबलेलं बरं, कारण गरोदरपण आणि अंगावर पाजणं यांत स्तन फुगतात, मग उतरतात, आणि सर्जनने मेहनतीने जमवलेला आकार बदलून जातो. नुकतंच पाजणं थांबवलं असेल तर काही महिने जाऊ द्या. वजन कमी करायचं मनात असेल तर ते आधी करा. संप्रेरकं घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांनी शस्त्रक्रियेआधी साधारण वर्षभर तरी उपचारांचा परिणाम पाहावा, असं सुचवलं जातं. त्या काळात होणारी नैसर्गिक वाढ इम्प्लांटला झाकायला उपयोगी पडते.

पायरी २: सुरीशिवाय काय जमतं, काय नाही

सुरुवात ब्रापासून. हे ऐकून नाक मुरडू नका. चुकीच्या मापाची ब्रा वर्षानुवर्षं घालणाऱ्या बायका खूप आहेत, आणि नेहमीची चूक म्हणजे पट्टा सैल आणि कप लहान. स्तनांच्या खाली छातीचा घेर मोजा, मग सर्वांत भरीव भागावरून. दोन मापांतल्या दर इंचाच्या फरकाला साधारण एक कप. पट्टा पाठीवर आडवा, सरळ राहिला पाहिजे. पाठीवर वर चढत असेल तर तो सैल आहे. खांद्याचे बंद क्षणभर उतरवून पाहा, पट्ट्याने एकट्याने आधार दिला पाहिजे. योग्य माप आणि थोडे पॅड किंवा सिलिकॉनचे कप एवढ्याने ज्यांची तक्रार कपड्यांपुरती असते त्यांची ती तिथेच मिटते. शिवाय आपल्याला खरोखर किती वाढ हवी आहे, याची ही फुकटची चाचणी आहे.

व्यायामाबद्दल स्पष्ट बोलू. स्तनात स्नायू नसतो. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, चरबी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू, एवढंच आत असतं. दंड-जोर किंवा डंबेल्सने वाढतो तो स्तनामागचा छातीचा स्नायू. त्याने ठेवण सुधारते, वरचा भाग किंचित भरल्यासारखा दिसतो, पण कप बदलत नाही. पाठ सरळ ठेवण्याने जो फरक दिसतो तो याहून अनेकदा जास्त असतो.

आकार वाढवणारी क्रीमं, तेलं, गोळ्या, मालीश यांना विश्वासार्ह पुरावा नाही. काही गोळ्यांत स्त्री-संप्रेरकासारखं काम करणारे वनस्पतिजन्य घटक असतात. ते काहीच करत नसतील तर पैसे वाया, आणि काही करत असतील तर ते डॉक्टरांच्या नजरेखाली व्हायला हवं. संप्रेरकांवर वाढणाऱ्या कर्करोगाचा घरात इतिहास असेल तर हा खेळ अजिबात नको.

बाहेरून सौम्य निर्वात दाब देणाऱ्या मोठ्या कपांचं एक यंत्र पूर्वी वापरात होतं. दिवसाचे दहा-दहा तास, आठवडेच्या आठवडे ते लावून बसायचं, आणि मिळणारी वाढ माफक. पुढे ही कल्पना चरबी भरण्याआधी जागा तयार करण्यासाठी वापरली गेली. धाग्यांनी स्तन उचलणं, स्वतःच्या रक्तातले प्लेटलेट्स टोचणं, बोटॉक्स, लेझर यांपैकी कशानेही आकारमान वाढत नाही. झालाच तर थोडा, थोड्या काळाचा घट्टपणा.

आता इंजेक्शनं. इथे मी मुद्दाम थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ‘ऑपरेशन नाही, टाके नाहीत, तासाभरात घरी’ असं सांगून स्तनात फिलर भरणारे लोक आहेत. चेहऱ्यावर वापरतात त्या हायलुरॉनिक आम्लाचं मॅक्रोलेन हे घट्ट जेल युरोपात काही वर्षं स्तनांसाठी वापरलं गेलं. त्याने मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचं, चित्र वाचणं अवघड होतं हा मोठा आक्षेप होता, आणि २०१२ मध्ये स्तनांसाठीचा त्याचा वापर कंपनीने थांबवला. पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलची गोष्ट याहून वाईट. ते स्तनात सरकतं, गाठी करतं, संसर्ग घडवतं, आणि पूर्णपणे काढून टाकणं जवळपास अशक्य असतं. चीनने त्यावर २००६ मध्ये बंदी घातली. पातळ सिलिकॉन सुईने भरणं तर कधीच, कुठेच, कुणाकडूनही नको. इम्प्लांटमधलं सिलिकॉन एका मजबूत आवरणात असतं आणि ते काढता येतं. मोकळं सिलिकॉन ऊतींत मुरतं आणि रक्तवाहिनीत गेलं तर जीव घेऊ शकतं. स्तन वाढवायला सुईने भरण्याजोगी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तुमची स्वतःची चरबी. आणि ते काम शस्त्रक्रियागृहातलंच आहे.

पायरी ३: स्वतःची चरबी

पोट किंवा मांड्यांतून लायपोसक्शनने चरबी काढतात, ती स्वच्छ करून वेगळी करतात आणि बारीक नळीने स्तनात थेंबाथेंबाने, वेगवेगळ्या थरांत सोडतात. थेंबाथेंबाने का? कारण त्या प्रत्येक थेंबाला आजूबाजूच्या ऊतींतून रक्त मिळालं तरच तो जगतो. एका जागी गोळा भरला तर मधला भाग मरतो आणि त्याची तेलाची गाठ होते.

भरलेल्या चरबीतली साधारण अर्धी ते दोन तृतीयांश टिकते, बाकीची शरीर शोषून घेतं. म्हणून पहिल्या महिन्यातला आकार पाहून खूश होऊ नका की घाबरूही नका. खरं चित्र तीन महिन्यांनंतर दिसतं. एका बैठकीत फार तर एक कपाएवढी वाढ मिळते. जास्त हवी तर पुन्हा टेबलावर. अंगावर चरबीच नसलेल्या सडपातळ बाईला हा मार्ग बहुधा बंद असतो. पुढे वजन उतरलं तर स्तनातली ही चरबीही उतरते. मात्र थोडीशी वाढ हवी असेल, दोन बाजूंतला फरक भरायचा असेल किंवा शरीरात परकी वस्तू नकोच असेल, तर माझ्या मते पहिला विचार याचाच व्हावा. आधी सोनोग्राफी आणि वयानुसार मॅमोग्राफी करून मूळ नोंद ठेवा. नंतर कॅल्शियमचे ठिपके दिसले तर ते जुने की नवे हे सांगायला ती कामी येते.

पायरी ४: इम्प्लांट समजून घेताना

पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये टिमी जीन लिंडसे या बाईला बसवलं गेलं. तेव्हापासून तीनदा तरी मोठे धक्के बसले. १९९२ मध्ये एफडीएने सौंदर्यासाठीच्या सिलिकॉन जेलवर निर्बंध घातले, ते २००६ मध्ये उठले. २०१० मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरल्याचं उघड झालं. आणि २०१९ मध्ये अ‍ॅलर्गनची बायोसेल नावाची खरबरीत इम्प्लांट्स बाजारातून परत घेतली गेली. आपल्या शरीरात जाणार ते नेमकं काय, कोणत्या कंपनीचं, कोणत्या मॉडेलचं, हे विचारायचं ते यासाठी.

आतलं द्रव्य दोन प्रकारचं. सलाईनचं इम्प्लांट फुटलं तर मिठाचं पाणी शरीर शोषून घेतं आणि स्तन एक-दोन दिवसांत बसतो, लपून राहत नाही. सिलिकॉन जेल हाताला नैसर्गिक लागतं, कडा आणि सुरकुत्या कमी जाणवतात, पण ते फुटलं तरी बाहेरून काही कळेलच असं नाही. आकारात गोल आणि थेंबासारखं असे प्रकार आहेत. थेंबासारखं आत फिरलं तर स्तन वेडावाकडा दिसतो. गोल फिरलं तरी गोलच.

पृष्ठभाग गुळगुळीत किंवा खरबरीत. खरबरीत पृष्ठभागाचा संबंध एका दुर्मिळ लसीकापेशींच्या कर्करोगाशी, बीआयए-एएलसीएलशी, जोडला गेला आहे. हा स्तनाचा कर्करोग नव्हे, तो इम्प्लांटभोवतीच्या द्रवात आणि शरीराने त्याभोवती तयार केलेल्या आवरणात होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली. तुम्हाला कुणी खरबरीतच सुचवत असेल तर कारण विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

इम्प्लांट स्नायूच्या वर बसवायचं की खाली, हे तुमच्या अंगावरून ठरतं. सर्जन स्तनाच्या वरच्या भागातली त्वचा चिमटीत धरून जाडी मोजतो. ती साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर इम्प्लांटची वरची कड उघडी पडण्याची भीती असते, म्हणून ते निदान अर्धं तरी स्नायूखाली ठेवतात. स्नायूखाली ठेवल्याने आवरण कडक होण्याचं प्रमाण कमी दिसतं, पण पहिले दिवस जास्त दुखतात आणि छातीचा स्नायू आवळला की स्तन हलताना दिसतो. वजन उचलण्याचा व्यायाम नियमाने करणाऱ्यांनी हे आधीच सांगावं.

चीर बहुतेक वेळा स्तनाखालच्या घडीत, स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेला किंवा काखेत देतात. घडीतली चीर सर्जनला सगळ्यात नीट दिसते आणि दुरुस्तीची वेळ आली तर तिथूनच पुन्हा आत जाता येतं. पुढे अंगावर पाजायचं असेल तर स्तनाग्राजवळची चीर शक्यतो टाळावी.

मापाबद्दल सगळ्यात जास्त चर्चा होते आणि सगळ्यात जास्त पस्तावाही. सर्जन सीसीमध्ये, म्हणजे मिलिलिटरमध्ये, बोलतात, आपण कपमध्ये, आणि कपाचं माप कंपनीगणिक बदलतं. म्हणून आकडा अंगावर घालून पाहा. घट्ट बंद होणाऱ्या दोन छोट्या पिशव्या घ्या, प्रत्येकीत मापाने २५० मिली पाणी भरा, हवा काढून बंद करा, मऊ कापडात गुंडाळून थोड्या मोठ्या ब्रामध्ये ठेवा. मग दिवसभर तशाच वावरा: जिने चढा, वाका, कामावरचे कपडे घालून पाहा. दुसऱ्या दिवशी ३०० करून पाहा. बाहेर ठेवलेली पिशवी आत बसवलेल्या इम्प्लांटपेक्षा थोडी मोठी दिसते हे लक्षात असू द्या, पण वजनाचा अंदाज खरा मिळतो. एवढं करूनही शेवटचा शब्द तुमच्या छातीच्या रुंदीचा असतो. स्तनाच्या पायापेक्षा रुंद इम्प्लांट घुसवलं तर ते काखेकडे सरकतं किंवा मधे दोन्ही बाजू एक होतात. सर्जन ‘यापेक्षा मोठं बसवणार नाही’ म्हणाला तर तो तुमच्या बाजूने बोलतोय.

ओघळ असेल तर उचलण्याची शस्त्रक्रिया एकटी किंवा इम्प्लांटसोबत होते. व्रण वर्तुळाभोवती, किंवा तिथून सरळ खाली, किंवा त्याला घडीतली आडवी रेघ जोडून जहाजाच्या नांगराच्या आकाराचा. ओघळ जितका जास्त तितका व्रण मोठा. ज्यांचं आकारमान पुरेसं आहे त्यांचं काम एकट्या उचलण्याने भागतं, पण ब्राशिवाय वरचा भाग भरीव राहील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

पायरी ५: सर्जनसमोर बसल्यावर

प्लास्टिक सर्जरीचं विशेष शिक्षण आणि तुमच्या देशातल्या वैद्यकीय परिषदेची नोंदणी, दोन्ही स्वतः तपासा. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी अनेक ठिकाणी कुणीही लावू शकतं. मग विचारा: शस्त्रक्रिया कुठे होणार, भूल देणारा डॉक्टर कोण, रात्री काही झालं तर फोन कोण उचलतो, तुमच्याकडे दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या किती असतात, आणि दुरुस्तीचा खर्च कुणाचा? आधी-नंतरचे फोटो मागताना तुमच्यासारख्याच अंगलटीच्या बायकांचे आणि निदान वर्षभरानंतरचे मागा. पहिल्याच भेटीत आगाऊ रक्कम, ‘आज ठरवलं तर सवलत’, धोक्यांबद्दल चकार शब्द नाही, असं काही दिसलं तर उठून या.

जोडीदार, आई, मैत्रीण, कुणी का सुचवलेलं असेना, निर्णय तुमचा नसेल तर पुढे जाऊ नका. दिवसातले तासन्‌तास शरीरातल्या एका दोषाच्या विचारात जात असतील तर आधी समुपदेशकाला भेटा. अशा मनःस्थितीत शस्त्रक्रिया चांगली होऊनही समाधान मिळत नाही.

पायरी ६: आधीचे आणि नंतरचे आठवडे

धूम्रपान शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे आणि नंतरही तितकेच बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. त्वचा उचलायची असेल तर हे आणखी महत्त्वाचं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, माशाच्या तेलाच्या गोळ्या, औषधी वनस्पतींची पूरकं, सगळं सर्जनला सांगा. हृदयासाठी किंवा रक्त पातळ राहावं म्हणून दिलेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भुलेखाली, एक ते दोन तासांची. पहिले तीन-चार दिवस छातीवर कुणीतरी बसल्यासारखा ताण जाणवतो. उठताना हातांवर भार टाकायचा नाही, हे ऐकायला सोपं वाटतं. अंथरुणातून उठायला पाठीमागे दोन-तीन उशा रचून ठेवल्या की खरंच सोपं होतं. समोरून उघडणारे कपडे काढून ठेवा, रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा, आणि तान्हं मूल घरात असेल तर त्याला उचलायला दुसरं माणूस हवंच. बैठं काम साधारण आठवड्याभरात, जड उचलणं आणि जोराचा व्यायाम चार ते सहा आठवड्यांनी. इम्प्लांट सुरुवातीला वर चढलेली आणि कडक दिसतात; ती खाली बसायला तीन ते सहा महिने लागतात. स्तनाग्र बधिर किंवा उलट अतिसंवेदनशील होणं सुरुवातीला नेहमीचं आहे, काहींचं ते कायम राहतं.

एक बाजू अचानक फुगून घट्ट झाली, ताप आला, जखमेतून पू आला, लाली पसरत गेली, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच सर्जनला फोन करा. पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला तर सरळ तातडीच्या विभागात जा.

पायरी ७: पुढची वर्षं

इम्प्लांट आयुष्यभर टिकण्यासाठी बनवलेलं नसतं. मंजुरीसाठी झालेल्या दहा वर्षांच्या पाहण्यांत साधारण चारांतल्या एकीपासून तिघींतल्या एकीपर्यंत बायकांना पुन्हा ऑपरेशन लागलं होतं. सगळी कारणं गंभीर नव्हती, काहींना फक्त माप बदलून हवं होतं. तरीही पैशांचा हिशेब करताना निदान एक पुढची शस्त्रक्रिया धरूनच करा.

कोणत्याही परक्या वस्तूभोवती शरीर एक पातळ आवरण तयार करतं. ते आकसून कडक झालं की स्तन घट्ट होतो, वर ओढला जातो, दुखतो. हा कडकपणा सांगणाऱ्या बेकरच्या चार श्रेणींत पहिली म्हणजे मऊ आणि नैसर्गिक, चौथी म्हणजे दगडासारखा आणि दुखरा. तिसरी-चौथीला बहुधा पुन्हा शस्त्रक्रियाच लागते. सिलिकॉन जेलचं लपलेलं फुटणं सापडावं म्हणून एफडीए पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एक असं सुचवते. वर्षं उलटल्यावर एका बाजूला अचानक पाणी साचून सूज आली तर ते पाणी काढून बीआयए-एएलसीएलसाठी तपासायला सांगा. लवकर सापडला तर बहुतेकींत इम्प्लांट आणि भोवतालचं आवरण पूर्ण काढल्याने हा कर्करोग बरा होतो. थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा अशा तक्रारी इम्प्लांटनंतर सुरू झाल्याचं अनेक बायका सांगतात. यासाठी ठरावीक चाचणी नाही, पण ते ऐकून न घेणारा डॉक्टर बदलावा. इम्प्लांट काढल्यावर काहींना आराम पडतो.

मॅमोग्राफीला गेल्यावर यंत्र चालवणाऱ्याला आधीच सांगा. इम्प्लांट मागे सरकवून जास्तीची चित्रं घ्यावी लागतात. अंगावर पाजणं बहुतेकींना जमतं, दूध काहींना कमी येतं.

शस्त्रक्रियेनंतर मिळणारं कार्ड, ज्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि अनुक्रमांक असतो, ते जपून ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या आणखी एकाकडे असू द्या. एखादं मॉडेल परत मागवलं गेलं तर तुमचं त्यात आहे की नाही हे त्या क्रमांकावरूनच कळतं. आणि कधी इम्प्लांट नकोसं झालं तर ते काढता येतं. मात्र त्वचा ताणलेली असते, त्यामुळे काढताना सोबत उचलण्याची शस्त्रक्रिया किंवा चरबी भरणं लागेल का, हे त्याच वेळी विचारून घ्या.